संक्रांतीचा कुकर

आमच्या गावात संध्याकाळी सातच्या सुमाराला कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. एका घरात पहिली झाली की शेजारी दुसरी होते, आणि पाच-दहा मिनिटं सगळी गल्ली शिट्ट्या मारत असते. सगळे कुकर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि एकाच दिवशी घरात आलेले. एकदा एका लग्नघरी असे आठ-दहा कुकर गोळा केले होते. परत नेताना झाकणांची अदलाबदल झाली आणि पुढचे चार दिवस बायका झाकण पदराखाली धरून एकमेकींच्या दारात फिरत होत्या. कुणाचं झाकण कुणाकडे आहे हे अजून नक्की नाही, पण सगळ्यांना सगळी बसतात, त्यामुळे कुणाचं अडत नाही.

हे गाव औराद तालुक्यातलं, माझं माहेर. मी बीदरला राहते, तिथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. गुप्त मतदानाचा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की पुस्तक न उघडताही शिकवेन. पण त्या धड्याला आले की मला आईचा कुकर आठवतो आणि मी फळा पुसायला वळते. मुलांना वाटतं धडा संपला.

तो कुकर आला अप्पांच्या घरून. गावात सगळेच त्यांना अप्पा म्हणतात, त्यांच्या वयाचेसुद्धा. त्यांचं खडी क्रशर आहे, पेट्रोल पंप आहे, मोठ्या रस्त्यावर मंगल कार्यालय आहे, आणि तालुक्यातल्या रस्त्यांची कंत्राटं फिरून फिरून त्यांच्याकडेच येतात. निवडणूक कुणीही जिंको, निवडून आलेला माणूस जेवायला अप्पांकडेच येतो. लहानपणी मला वाटायचं, आमदार म्हणजे अप्पांच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी असतो. आणि याच अप्पांच्या जीपमधून माझ्या वडिलांना शेवटच्या आजारात बीदरच्या दवाखान्यात नेलं होतं. आईने डिझेलचं विचारलं तेव्हा ड्रायव्हर नुसता हसला होता. म्हणून मला अप्पांवर धड रागावताही येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

त्या वर्षी वर्षअखेर पंचायतीची निवडणूक होणार होती. आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव होती. अप्पांनी आपली सून उभी करायची ठरवलं आणि संक्रांतीलाच घरी हळदीकुंकू ठेवलं. सगळ्या गावच्या बायकांना आमंत्रण, आणि मत सगळ्यांनाच असतं म्हणून विधवांनाही. तिळगूळ झाला, अत्तर झालं, ओटी भरली, आणि वाण म्हणून प्रत्येकीला कुकर. पण कुकर हातात पडायच्या आधी दारापाशी एक ताट ठेवलेलं होतं. त्यात मैलारच्या मल्लण्णाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि वर बेलाचं पान. ताटाजवळ अप्पांच्या घरची एक म्हातारी बसली होती. ती सांगेल ते शब्द म्हणायचे, चिमूटभर भंडारा उचलायचा, कपाळाला लावायचा आणि पुढे सरकायचं. शब्द असे होते: "माझ्या घरातली समदी मतं सूनबाईला. मोडलं तर माझ्या लेकराबाळाला लागंल."

आईने हे मला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. म्हणजे कुकरचं सांगितलं. भंडाऱ्याचं मी खोदून विचारल्यावर.

"माय, तू आण घेतलीस? कामून?" मी ओरडलेच.

"समद्याच उचलायल्या होत्या की. रांगेतून मी एकटीच बाजूला होऊ का? आन् मत कुणाला तरी द्यायचंच हाय."

बौद्ध वस्तीत भंडारा चालत नाही हे अप्पांच्या माणसांना ठाऊक होतं. तिथे ते दोन दिवसांनी कुकर घेऊन गेले आणि बायकांना आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. तिथल्या एका बाईने कुकर घेतला नाही. "लेकरू माझं हाय, मत माझं हाय, दोन्ही एका जागी बांधू नका," असं म्हणून तिने दार लावून घेतलं. गावात चार दिवस तिचीच चर्चा होती. आई म्हणाली, लई माज बाईला. पुढे तीच आई त्या बाईचं नाव निघालं की गप्प बसायला लागली.

आता मधली गोष्ट सांगते. माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस जाऊन पदरी काही पडलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आई तापाने फणफणलेली, तिला येता आलं नाही. तेव्हा बीदरच्या दवाखान्यात तीन दिवस माझ्या उशाशी बसली ती टेलर अक्का. अक्का म्हणजे आमच्या घरासमोर शिलाई मशीन चालवणारी, आईची मैत्रीण. माझ्या शाळेच्या पहिल्या फ्रॉकपासून लग्नातल्या ब्लाऊजपर्यंत सगळं तिनेच शिवलेलं. तिचा नवरा कधीच गेला, एकुलता मुलगा हैदराबादला उंच इमारतींना रंग द्यायचं काम करतो. दवाखान्यात तिने मला उपदेश केला नाही, देवाचं नाव घ्यायला लावलं नाही. माझे केस विंचरले आणि नर्सच्या ढगळ ब्लाऊजला तिथेच सुईने टीप घालून दिली. त्या तीन दिवसांत मी फक्त तेव्हा हसले.

संक्रांतीनंतर, चैत्र संपता संपता, मला पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी या वेळी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. आईला फोनवर कळवलं तेव्हा तिने आधी तारीख दोनदा विचारून घेतली. मग ती म्हणाली, "भंडारा पावला."

मी हसण्यावारी नेलं. तिने नाही नेलं.

त्याच उन्हाळ्यात अक्काचं डोकं फिरलं. आमच्या गल्लीला नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तेही मंगल कार्यालयाच्या टाक्या भरल्यावर. हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं, आणि वर्षानुवर्षं आम्ही त्याला उन्हाळा म्हणत होतो. एका दुपारी अक्का लग्नाचे ब्लाऊज पोचवायला कार्यालयात गेली, तर तिथे दारात कारंजं उडत होतं आणि वऱ्हाडातली माणसं त्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. ती परत आली, मशीनवर बसली आणि दिवसभर एक टाका घातला नाही. दुसऱ्या दिवशी पंचायतीत गेली. तिथे सांगितलं अर्ज द्या. अर्ज दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, तर सांगितलं अर्ज सापडत नाही. असं तीनदा झालं. मग तिने आईला सांगितलं, "वैनी, आता अर्ज बाहेरून देणार न्हाई मी. आत जाऊन बसते."

आणि मार्गशीर्षात तिने खरंच उमेदवारीचा फॉर्म भरला. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. ती एवढी खूश झाली की चिन्ह मिळालं म्हणजे निवडून आलेच, असं तिला वाटत असावं. प्रचाराला तिच्याकडे जीप नव्हती, माईक नव्हता. ती घरोघरी टेप गळ्यात घालून जायची आणि ब्लाऊजच्या मापाचं बोलता बोलता पाण्याचं बोलायची. लोक ऐकून घ्यायचे. चहा द्यायचे. कपाळावरची त्या संक्रांतीची हळद कधीच पुसून गेली होती, पण प्रत्येक घराच्या चुलीपाशी कुकर होता.

मी तेव्हा आठव्या महिन्यात माहेरी आलेली. बघते तर आई निम्मी झालेली. जेवायला बसली की घास हातात धरून राहायची.

"तुला काय झालंय?" मी विचारलं.

"तिनं तुझी मायेनं सेवा केली. मी तिला मत देऊ न्हाई म्हणजे मी माणूस हाय का?"

"मग दे की."

"आन् आण घेतलीय ती? लेकराबाळाला लागंल म्हणलंय मी माझ्या तोंडानं. लेकरू कोण? तू. आन् तुझ्या पोटात कोण हाय?"

मी तिला समजावलं. अगदी वर्गात समजावते तसं. मत गुप्त असतं, मशीनसमोर पुठ्ठा लावलेला असतो, कुणाला कळत नाही. आमिष दाखवून घेतलेली शपथ ही शपथच नव्हे. कायद्याने गुन्हा त्यांचा आहे, तुझा नाही. आई सगळं नीट ऐकत होती. मग म्हणाली, "अप्पाला दिसणार न्हाई, खरं हाय. मी अप्पाची आण घेतलीय का?"



शेवटी तिने तिच्या परीने एक वाट काढली. कुकर राखेने घासून लख्ख केला, बाजारातून नवं रबर आणून बसवलं, आणि धुतलेल्या कापडात गुंडाळून अप्पांकडे परत द्यायला निघाली. वाण परत केलं की शब्दही परत होईल, असा तिचा हिशोब. मी पोट सांभाळत मागे गेले. अप्पा घरी नव्हते, ते तसे दिसतही क्वचितच. दार सुनेने उघडलं. कलबुर्गीकडची पोर, माझ्याहून लहान, बी.ए. झालेली. आईने कुकर तिच्यापुढे ठेवला आणि सगळं खरं खरं सांगितलं. पोरीने कापड सोडून कुकर पाहिला.

"मामी, कुकर घेईन मी परत," ती हळू म्हणाली. "पण भंडारा मी कसा परत घेऊ? तो मला कुठं दिलाव तुम्ही?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं, आणि आईला पटलंही. मग ती पोरगी म्हणाली की मलाही उभं राहायचं नव्हतं, मामंजींनी फॉर्मवर सही घेतली. तिने आम्हाला चहा दिला. माझ्या पोटाकडे बघून कितवा महिना विचारलं, माझ्या ओटीत नारळ घातला. कुकर घेऊन आम्ही परत आलो. रस्त्यात आई म्हणाली, "पोरगी चांगली हाय." मला रडू फुटलं. वाईट माणूस कुठे सापडतच नव्हता, आणि पाणी तर कार्यालयातच जात होतं.

मला तेव्हा जे कळलं ते कुठल्याही धड्यात मी वाचलेलं नाही. अप्पांनी कुकर देऊन आमचा लोभ विकत घेतला, असं लोक म्हणतात. तसं नव्हतं. कुकर घेऊन कुणीही कुणालाही मत देऊ शकलं असतं. अप्पांचा भरवसा होता आमच्या खरेपणावर. आमच्या गल्लीतल्या बायका दिलेला शब्द मोडत नाहीत, लेकराच्या नावाने तर नाहीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतः त्यांनी पाच वर्षांपूर्वी गल्लीला नवीन पाइप देतो म्हणून भर सभेत सांगितलं होतं, त्याची त्यांना कुणी आण घातली नव्हती.

मतदान गावच्या शाळेत होतं. थंडीची सकाळ, बायकांची लांब रांग. आई माझ्या पुढे होती. माझं नाव अजून माहेरच्याच यादीत होतं, बीदरला बदलून घ्यायचं राहून गेलं होतं. अक्का नियमाप्रमाणे लांब, लिंबाच्या झाडाखाली नवं लुगडं नेसून उभी होती. मला बघून तिने हाताने खूण केली, हळू चाल, घाई करू नको.

आई आत गेली आणि बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरून मला कळलं.

मग मी आत गेले. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आड मशीनसमोर उभी राहिले. वरून तिसरं चिन्ह शिलाई मशीन. मी भंडारा उचललेला नव्हता. मी आणबिण मानत नाही. माझं बोट तिसऱ्या बटणाकडे गेलं आणि तेवढ्यात पोटात बाळ फिरलं. त्या महिन्यात ते दिवसातून वीस वेळा फिरायचं. पण मला दवाखान्यातल्या त्या दोन खेपा आठवल्या, रिकाम्या हाताने पायऱ्या उतरले ते आठवलं, आणि आईचे शब्द आठवले: माझ्या घरातली समदी मतं. मी तिसरं बटण सोडलं आणि सूनबाईचं दाबलं. मशीनचा आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि मी कुठल्या तोंडाने शिकवते हेही कळत नाही.

निकालात सूनबाई निवडून आली. अक्काला मतं पडली अकरा. अप्पांच्या दारात फटाके वाजले आणि आमच्या गल्लीत सगळे दिवसभर खाली बघून कामं करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने दोन गरम भाकरी आणि तुरीच्या सोल्याची आमटी घेतली, आणि मला म्हणाली चल. अक्का मशीनवर बसली होती. आईने ताट खाली ठेवलं, तिच्यासमोर बसली आणि सरळ सांगितलं, "अक्का, मी तुला मत दिलं न्हाई. माझ्या लेकीच्या पोटाची आण होती माझ्यावर. तू मला काय बोलायचं ते बोल."

अक्काने पायाखालचं पायडल थांबवलं, दोरा तोडला, ब्लाऊजची घडी घातली. मग म्हणाली, "वैनी, मीबी न्हाई दिलं."

"काय न्हाई दिलं?"

"मला मत. म्या सूनबाईलाच दिलं."

आई ताट बाजूला करून तिच्याजवळ सरकली.

"संक्रांतीला तुझ्या मागं रांगेत मी हुते की," अक्का म्हणाली. "भंडारा उचलला तवा कुठं ठाऊक हुतं उभी राहीन म्हणून. उभी राहणार न्हाई असं काय मी म्हणलं न्हवतं. मत सूनबाईला दीन म्हणलं हुतं. म्हणून उभी राहिले, आन् मत तिला दिलं." ती जरा थांबली. "माझं लेकरू तिकडं हैदराबादला सोळाव्या मजल्यावर दोरीला लटकून रंग द्यायलंय, वैनी. म्या कसं मोडू?"

आईने तिचा हात धरला. दोघी आधी हसल्या. अगदी खो खो, तोंडावर पदर धरून, उमेदवारानेच स्वतःला पाडलं म्हणून. मग हसता हसता अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला जवळ जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं.

डोळे पुसून अक्काने मशीनचा खण उघडला आणि आतून एक टोपडं काढलं. पिवळ्या मऊ कापडाचं, काठाला लाल गोट, आत उरलेल्या ब्लाऊजपिसाचं अस्तर. प्रचाराच्या त्या धावपळीत तिने ते कधी शिवलं कुणास ठाऊक.

"हे बाळाला," ती म्हणाली. माझा गाल तिने हाताने कुरवाळला. "त्या अकरात एक तुझं हाय, ठाऊक हाय मला. तू शिकलेली, तू काय भंडारा उचलला न्हाईस. ह्या गल्लीतलं एक मत तरी मला पडलं, त्याचं लई समाधान वाटलं बग."

आई माझ्याकडे बघत होती.

"व्हय अक्का," मी म्हणाले.

परत येताना आईने माझा दंड धरला होता. दारापाशी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "व्हय म्हणलीस ते बरं केलंस. तेवढं तरी राहू दे तिला."

महिन्याभराने मला मुलगी झाली. ती आता दुसरीत आहे. अक्काचा मुलगाही हैदराबादला सुखरूप आहे. पाणी अजून चार-पाच दिवसांनीच येतं. दर दिवाळीला मी मुलीला घेऊन अक्काकडे जाते, फ्रॉकचं माप द्यायला. अक्काला आता बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून ती माप घेते आणि मी टेप धरून आकडा वाचून दाखवते. पोरीच्या खांद्यावर टेप लावता लावता ती दर वर्षी तिला तेच सांगते, "म्या उभी हुते ना, तवा ह्या गल्लीत तुझ्या मायनं एकटीनं मला मत दिलं हुतं बग." मुलगी अभिमानाने माझ्याकडे बघते, आणि मी आकडा वाचते.